तारेखालून तंजावरला

अक्का माणसं ऐकून पारखायच्या. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती खोली बघायला. माझ्या वडिलांची मद्रासहून जबलपूरला बदली झाली होती, आणि मला तर आठवड्यापूर्वीच ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागलेली. वेस्ट मांबलममध्ये एका मराठी घरात गच्चीवरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून गेले. घरमालक नाव, गाव, वडिलांचं खातं असं एकेक विचारत होते. खिडकीपाशी खुर्चीत एक पन्नाशीच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, डुलकी लागलीय. मी बोलायची थांबले, तशा डोळे न उघडताच म्हणाल्या,

"थांबूं नको. आणिक बोल."

"काय बोलू?"

"काय तें तुझं तूं बघ. बोल."

मी घाबरून, आदल्या दिवशी वडिलांचं सामान बांधताना लोणच्याची बरणी कशी फुटली ते सांगत सुटले. बरणी फुटून तेल गादीपर्यंत पोचलं तेव्हा बाईंनी डोळे उघडले आणि भावाला म्हणाल्या, "गळा बरा आहे. दे खोली."

या बाई म्हणजे घरमालकांची थोरली बहीण. आमच्याच एक्स्चेंजमध्ये त्या सुपरवायझर आहेत, हे मला त्यानंतर कळलं. एक्स्चेंजमध्ये आणि गल्लीत त्यांना सगळे अक्काच म्हणत. भावाला मी मामा म्हणू लागले.

ही मंडळी तंजावरची. कित्येक पिढ्या तिकडे गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी माझ्या मिरजेच्या मराठीला पणजीसारखी वाटायची. मधेच तमिळ शब्द, हेल तर पुरता तमिळ, आणि त्यातून अचानक 'मज', 'तुज', 'ठावुक', 'उदंड' असले शब्द सहज निघत. सुरुवातीला मला हसू यायचं. अक्कांना माझ्या बोलण्याचं यायचं. "तुमची मराठी उदंड घाईंत असते," त्या म्हणत. त्यांची भाषा मला इथे हुबेहूब उतरवता येणार नाही. थोडी चव आली तरी पुरे.

आमचं काम असं : समोर उंच लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हातात दोरीला लावलेले प्लग, एका कानावर हेडफोन. दिवा लागला की प्लग घालायचा, नंबर विचारायचा, पुढच्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची, आणि दोन माणसं एकमेकांना बोलती करून आपण बाजूला व्हायचं. बहुतेक मुली अँग्लो-इंडियन, फ्रॉकमधल्या. मला मराठी-हिंदी येत होतं म्हणून मुंबईच्या लाइनवर बसवलं. अक्का एकतीस वर्षं दक्षिणेच्या लाइनवर होत्या, सुपरवायझर झाल्यावरही तो बोर्ड त्यांनी सोडला नाही. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. वडील शाळामास्तर होते. त्यांनी मुलीला इंग्रजी शिकवलं होतं, तेवढ्याच्या जोरावर त्या मद्रासला भावाकडे आल्या, नोकरीला लागल्या, आणि मग त्या खुर्चीवरून उठल्या त्या पंचावन्नाव्या वर्षी.

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. या तीन मिनिटांनी अक्कांच्या रक्तात घर केलं होतं. जगात जे काही सांगण्यासारखं आहे ते तीन मिनिटांत सांगून होतं, पुढचं सगळं पाणी, असं त्यांचं ठाम मत होतं. मामा आणि मामी भांडू लागले की आतल्या खोलीतून आवाज येई, "तीन मिनिटं झालीं!" आणि ते दोघंही खरोखरच गप्प होत. एकदा शेजारच्या घरातला एक गृहस्थ मामांना आपल्या पोटदुखीची हकीकत सांगत बसला होता. अक्कांनी बाहेर येऊन त्याला अतिशय नम्रपणे इंग्रजीत विचारलं, "आणखी तीन मिनिटं वाढवून हवीत का?" तो बिचारा उठून गेला.

आणि त्यांची गावं. मद्रासहून तंजावरला जाणाऱ्या लाइनवरचं प्रत्येक गाव त्यांच्या लेखी एक माणूस होतं. चेंगलपट्टू म्हणजे बारा महिने सर्दी. टिंडिवनम बोलण्याआधी दोनदा घसा साफ करायचं. विलुपुरम दर वाक्याला "सरि, सरि", बरं बरं, म्हणायचं. कडलूरच्या तोंडात कायम सुपारी. चिदंबरमला मुलगी झाली तेव्हा त्यानं पहिल्यांदा मद्रासला सांगितलं, म्हणजे अक्कांना. एकतीस वर्षांत यातला एकही चेहरा त्यांनी बघितलेला नव्हता. तंजावरला जायच्या त्या वर्षातून एकदा, रात्रीच्या गाडीनं. गाडी सुटली की झोपायच्या, आणि पहाटे आपलं गाव. "मधे सगळे आवाजच," त्या म्हणत. "जागा कोठें बघितली मी?"

निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार घातला, एक घड्याळ दिलं. इतकी वर्षं बसून त्यांचे पाय सुजत असत. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का घरातून निघाल्या त्या वेस्ट मांबलमपासून थेट एक्स्चेंजपर्यंत चालत आल्या. मी ड्यूटीवर होते. दारात उभ्या राहून घाम पुसत म्हणाल्या, "मार्ग उदंड सोपा आहे ग. इतकीं वर्षं बसनें कां आले कुणास ठावुक." आणि पाणी पिऊन परत चालत गेल्या.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मैलापूर, अड्यार, सेंट थॉमस माउंट, मग तांबरम. जाताना पायी, येताना विजेच्या गाडीनं. महिन्याभरात चपलांचे दोन जोड झिजले, तेव्हा त्यांनी स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून मोटारच्या टायरचा तळ असलेल्या पुरुषी चपला करून घेतल्या. नोकरीत त्या पाचवारी नेसत. आता ती सोडून आईची जुनी नऊवारी काढली. "पाय मोकळे रहातात," म्हणाल्या. नऊवारी, टायरच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री आणि झाकणाचा पितळी कूजा, म्हणजे त्या भागात प्रवासाला पाणी न्यायचं भांडं. अशी मूर्ती तांबरमच्या रस्त्यानं निघाली की पोरं मागे लागत.

लोक एकच प्रश्न विचारायचे, "वेंडुदला?" म्हणजे, नवस आहे का? बाई माणूस एवढं चालते म्हणजे देवाचं काहीतरी असणारच. अक्का म्हणायच्या, "नाही." मग पुढचा प्रश्न यायचा : बस चुकली का? "नाही." घरात भांडण झालं का? "नाही." मग त्या माणसाचा चेहरा पडायचा. अक्कांना त्याची दया यायची, पण खोटा नवस त्यांनी कधी सांगितला नाही. "चालणं आहे," एवढंच सांगून पुढे जायच्या.

सहा महिन्यांनी, मार्गळी, म्हणजे पोंगलआधीचा महिना, संपत आला असताना, जेवताना त्या म्हणाल्या, "पोंगल झाला कीं मी तंजावरला जातें."

मामा म्हणाले, "पास काढून ठेवतो."

"पास नको. चालत जातें."

मामा रेल्वेत होते. एग्मोरच्या ऑफिसात बावीस वर्षं. त्यांचा घास हातातच राहिला. "रेल्वेच्या माणसाची बहीण तंजावरला पायीं? लोक काय म्हणतील? मी काय तोंड दाखवूं? अडीचशे मैल आहे तें!"

"दोनशेंच्या वर थोडे," अक्का म्हणाल्या. "दिवसाला दहा मैल."

"राहणार कोठें?"

"लाइनवर माझीं माणसं आहेत."

"माणसं! बघितलीं आहेस का एकाला तरी?"

"म्हणूनच जातें."

मामा आणखी पुष्कळ बोलले. बाईमाणूस, एकटी, रस्त्यात चोर, पावसात पूल, उन्हात चक्कर. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीन मिनिटं झालीं." मामा ताटावरून उठले.  दुसऱ्या दिवसापासून मामींनी मेतकूट आणि लिंबाचं लोणचं करायला घेतलं, तेव्हा मला समजलं की अक्का जाणार.

त्या निघाल्या त्या सकाळी मामा दाराशी आले नाहीत. आतल्या खोलीत मोठ्यानं वर्तमानपत्र चाळत होते.

पण त्याच दुपारी एग्मोरहून त्यांनी रेल्वेच्या फोनवरून तांबरमच्या स्टेशन मास्तरांना विचारलं : नऊवारीतली, छत्री घेतलेली एक बाई जाताना दिसली का? तिसऱ्या दिवसापर्यंत लाइनवरच्या सगळ्या स्टेशन मास्तरांना ठाऊक झालं होतं की एक बाई रुळांशेजारच्या रस्त्यानं दक्षिणेला चालली आहे, आणि तिचा भाऊ एग्मोरला आहे. संध्याकाळी मामा घरी येऊन चहा घेताना भिंतीकडे बघत सांगायचे, "मदुरांतकम झालं." मग एकदम आवाज चढवून, "मज काय त्याचं!"

आमच्याकडे एक्स्चेंजमध्ये दुसऱ्या बाजूनं बातम्या यायच्या. दक्षिणेच्या लाइनवर बसणारी मुलगी बोर्ड सोडून माझ्याकडे धावत यायची : टिंडिवनम सांगतंय, अक्का पोचल्या, त्याच्या बायकोनं इडल्या केल्या, अक्का म्हणाल्या, तुमचा घसा सुंठीनं बरा होईल. वाटेत एका हवालदारानं त्यांना अडवलं. एकटी बाई, नवस नाही, नातेवाईक नाहीत, टायरच्या चपला. त्याला काही तरी संशय आला. ठाण्यात नेऊन बसवलं. अक्कांनी फक्त टेबलावरचा फोन मागितला, उचलला, आणि पलीकडे ऑपरेटरनं "नंबर?" विचारल्याबरोबर म्हणाल्या, "मी मद्रास." पुढच्या पाच मिनिटांत चेंगलपट्टूपासून विलुपुरमपर्यंत एकेक ऑपरेटर त्या हवालदाराला फोनवर सांगू लागला की या बाई कोण आहेत. शेवटी त्यानंच हात जोडले आणि सायकलवरून माणूस पाठवून अक्कांना पुढच्या गावाची वाट दाखवली.

त्यांचा रस्ता म्हणजे टेलिफोनच्या खांबांची रांग. रस्ता वळला आणि तारा सरळ शेतातून गेल्या की अक्काही बांधावरून तारांबरोबर जात. खांबाला कान लावला की वाऱ्यानं तारा गुणगुणतात ते ऐकू येतं. अक्का मधेच थांबून कान लावत, आणि लोक लांबून बघत राहत. हे मी स्वतः पाहिलं, कारण पंधराव्या दिवशी मामा माझ्या खोलीत आले.

त्यांनी परतीची दोन तिकिटं माझ्यासमोर ठेवली. "चिदंबरमपर्यंत गेली आहे. पुरे झालं. तुझी रजा आहे ना? जा, आणि तिला गाडीत घालून आण. तुझं ऐकेल."

"माझं कशाला ऐकतील?"

मामांनी तिकिटं माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "पाय बघ तिचे. मज नुसतं कळव."

मी चिदंबरमला उतरले. अक्का ऑपरेटरच्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. उन्हानं काळ्या झालेल्या, गालफडं बसलेली, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली टवटवी. सूज पार उतरली होती, पण टाचांना चिंध्या बांधल्या होत्या. मी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "रजा होती, म्हटलं भेटून यावं."

अक्का हसल्या. "गळ्यांत खोट आहे. त्यानं पाठवलं ना?"

मी तिकिटं काढून दाखवली.

"बरें," त्या म्हणाल्या. "दोन दिवस माझ्याबरोबर चाल. मग म्हणशील तर बसतें गाडींत."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मला अर्ध्या तासात धाप लागली. अक्का एका चालीनं जात होत्या. बोलायचं झालं तर थोडंसं बोलायच्या. दोन्हीकडे भातशेतं, कापणी झालेली. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही कोल्लिडम नदीच्या पुलावर पोचलो. तो पूल लांबलचक आहे. मधोमध आल्यावर अक्का कठड्याला टेकल्या आणि पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तुज एक सांगायचं आहे. पुढल्या गावाला पोचायच्या आधीं."

त्या पुढल्या गावाचं नाव मी इथे देत नाही. त्या माणसाची मुलंबाळं अजून तिथे असतील.

आठ वर्षांपूर्वी, कार्तिकातल्या पावसात, त्या गावच्या ऑपरेटरनं लाइनवर सांगितलं होतं : अम्मा, इथे विजा चमकताहेत, मी बोर्ड सोडतो. नियमच होता तो. गडगडाट जवळ आला की हेडफोन काढून ठेवायचा, कारण वीज तारेवर पडली तर धक्का थेट कानात येतो. पण मद्रासला एक व्यापारी दोन तास ताटकळत होता, ऑफिसात येऊन ओरडून गेला होता. अक्का म्हणाल्या, "एकच कॉल. हा एवढा लावून द्या." तो म्हणाला, "सरि अम्मा." कॉल लागला. मिनिटभरानं अक्कांच्या कानात फट्‌ असा आवाज झाला आणि लाइन मेली.

"दोन दिवसांनीं लाइन आली. दुसराच आवाज होता. मी विचारलं, आधींचे? तर म्हणाला, रजेवर. महिन्यानंतर विचारलं, तर म्हणाला, या बोर्डावर आतां मीच. पुढें मी विचारलं नाही." अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "आठ वर्षं रोज त्या गावाला हाक मारली. विचारायला कितीक वेळ लागला असता? नाही विचारलं."

"गाडीनं का नाही आलात अक्का? केव्हाच येता आलं असतं."

"गाडी संध्याकाळीं बसवते आणि पहाटे दारांत उभं करते. इवढ्या लवकर त्याच्यासमोर उभं रहाणं मज होईना. चालत गेलं कीं तोंडाला सवड मिळते."

आदल्या दिवशी चिदंबरमच्या माणसाकडून त्यांना कळलं होतं : तो जिवंत आहे, त्याच गावात आहे, उजवा कान गेला, आता पोस्टात टपाल लावतो. एवढंच.

मी पिशवीतली तिकिटं चाचपली आणि आणखी खाली सारली.

त्या गावात आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. रविवार होता. कौलारू घर, पुढे ओटा. ओट्यावर पन्नाशीचा एक लठ्ठ, उघडाबंब माणूस नातवंडासाठी नारळाच्या हिराची भिंगरी करत बसला होता. अक्का समोर जाऊन उभ्या राहिल्या. छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. एकतीस वर्षं बोलण्याची नोकरी केलेली बाई, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं वर बघितलं. "कोण पाहिजे, अम्मा?" तमिळमध्ये विचारलं.

अक्का म्हणाल्या, "मद्रास."

त्यानं मान वळवून डावा कान पुढे केला. "पुन्हा बोला."

"मद्रास बोलतंय."

हातातली भिंगरी खाली पडली. तो उठून उभा राहिला, धोतर सावरलं, आणि आत तोंड करून एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारची माणसं बाहेर आली, "अगं ए, बाहेर ये! मद्रास आलंय! चालत आलंय!" चिदंबरमहून त्याला निरोप आलेला होता, पण आवाज ओळखल्याशिवाय त्यानं विश्वास ठेवला नव्हता.

त्याची बायको ठेंगणी, हसरी, हातात कायम काहीतरी घेतलेली. तिनं आम्हाला पाय धुवायला गरम पाणी दिलं, कॉफी दिली, आणि अक्कांच्या टाचा बघून स्वतः तिळाचं तेल चोळायला बसली. चोळता चोळता अभिमानानं सांगू लागली, "यांचा कान काही उगीच गेला नाही. डॉक्टरांचा कॉल होता मद्रासहून. बाळंतीण अडली होती. हे बोर्ड सोडून उठले असते तर ती वाचली नसती. जुळी झाली तिला."

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. तो छपराच्या वाशांकडे बघत होता.

"अम्मांना विहीर दाखवतो," तो घाईनं म्हणाला. आम्ही तिघं परसात गेलो. अक्का त्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, "डॉक्टरचा कॉल नव्हता."

"मला माहीत आहे. शेंगदाण्याच्या तेलाचा भाव. कॉल लागला की नाही बघायला मी ऐकत होतो ना!" आणि तो एवढा हसला की त्याचं पोट हललं.

अक्का हसल्या नाहीत. "तुम्ही सोडतो म्हणाला होता. मी म्हटलं, एकच. एका तेलाच्या भावासाठीं."

त्यानं हसू आवरलं. "अम्मा, तुम्ही मद्रासला होता. हेडफोन माझ्या डोक्यावर होता, आणि हात मला होते. काढला असता तर तुम्ही काय इथे येऊन परत घालणार होता? मलाही वाटलं, एकच तर आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "चार महिने वाईट गेले. डोक्यात सारखी शिटी वाजायची. मग थांबली. आता ही रागावली की मी डावी कूस करून झोपतो, काही ऐकू येत नाही. सुखात आहे मी."

"आणि हें डॉक्टर, बाळंतीण?"

"दवाखान्यात ही रडून रडून विचारायची, कशापायी गेला कान? तेलापायी म्हणून सांगू? म्हटलं, डॉक्टर होते. मग तिनं विचारलं, कशासाठी? म्हटलं, बाळंतीण. नंतर गावात सांगता सांगता जुळं तिनं आपणहून घातलं. आता ती मुलं शाळेत जातात म्हणते."

अक्का विहिरीच्या काठावर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले, मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसत होत्या. आणि त्याला तेवढंच हवं होतं, तोही पुन्हा हसू लागला. बायको दारातून ओरडली, "विहिरीत काय एवढं हसण्यासारखं आहे?"

आम्ही तिथे दोन दिवस राहिलो. ते दोघं ओट्यावर बसून लाइनवरच्या जुन्या गोष्टी काढायचे. कोण कसं बोलायचं, कुणाचा कॉल कधी चुकीच्या घरी लागला. अक्कांना तीन मिनिटांची आठवण एकदाही झाली नाही.

निघताना बायको गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला आली. तो मागे दारात उभा होता. तिनं अक्कांचा हात धरला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, एक विचारू? तिकडून तुम्हीच लावलात ना तो कॉल? डॉक्टरांचाच होता ना?"

मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना, तिला काय ऐकायचं होतं. आठ वर्षं तिनंही काहीतरी मनात ठेवलं असावं.

अक्कांनी एकतीस वर्षांत कुणाच्या निरोपातला एक शब्द बदलला नव्हता. मुलींनी मृत्यूची बातमी मऊ करून सांगितली तरी त्या रागवायच्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरचाच. मीच लावला."

"आणि बाळंतीण? जुळी?"

"तें मज नाही ठावुक. मी फक्त जोडून दिला."

बायकोनं त्यांचा हात दोन्ही हातांत दाबला आणि सोडला.

त्या दिवशी आम्ही बारा मैल चाललो. पहिले चार मैल अक्का एकाही खांबाशी थांबल्या नाहीत.  दुपारी एका शाळेच्या सावलीत दहीभात खाताना मी मामांना कार्ड लिहिलं : पाय बरे आहेत. आम्ही चालत येतो आहोत. रजा वाढवण्यासाठी ऑफिसलाही एक लिहिलं.

यानंतरची आठ वर्षं अक्का दर पोंगलनंतर निघत राहिल्या. तिरुच्ची, मदुरै, एकदा पार कन्याकुमारी. माझं लग्न होऊन मी मद्रास सोडलं तरी त्यांची कार्डं येत, प्रत्येक कार्डावर गाव आणि त्याखाली तिथल्या माणसाचा आवाज कसा आहे एवढंच. पण त्या पहिल्या वेळेसारखं मग कधी झालं नाही, असं त्याच म्हणायच्या. नंतर त्या नुसत्या चालायला जात, आणि त्यांना त्यातच जास्त मजा वाटे.

त्या पहिल्या खेपेला, तंजावर चार मैलांवर राहिलं तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला चिंचेखाली एक माणूस छत्री उघडून उभा होता. कोट, टोपी, पायात ऑफिसचे बूट. आदल्या स्टेशनच्या मास्तरांनी कळवलं होतं, आणि मामा गाडीनं पुढे जाऊन सकाळपासून तिथे उभे होते.

आम्ही जवळ आलो तरी ते जागचे हलले नाहीत. अक्काच म्हणाल्या, "केव्हां आलास?"

"तें असूं दे," मामा म्हणाले. "पिशवी आण इकडे." आणि पिशवी खांद्याला लावून आमच्यापुढे चालू लागले. चालताना सारखे बोलत होते : हा रस्ता किती वाईट, ही बाई किती हट्टी, घरी काय परिस्थिती, मामीनं उपास धरला. अक्का ऐकत होत्या, अडवत नव्हत्या. दोन मैलांवर मामांना बूट चावू लागले. त्यांनी ते काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले, आणि आमच्याकडे न बघता तसेच अनवाणी पुढे निघाले.

चार दिवसांनी आम्ही तिघं दिवसाच्या गाडीनं मद्रासला परतलो. मामांनी मुद्दाम दिवसाची गाडी काढली होती. अक्कांना खिडकीशी बसवून ते प्रत्येक गाव दाखवणार होते. गाडी सुटून स्टेशनाबाहेर पडते न पडते तोच अक्का झोपल्या. गावं एकेक येत होती, जात होती, मामा उठून हात लांब करून दाखवायला जात आणि परत बसत. झोपेत अक्कांचे पाय समोरच्या बाकावर गेले. मामा सरकले, मग आणखी सरकले, शेवटी अगदी कडेला टेकून बसले. विलुपुरमला चढलेला एक गृहस्थ बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "अहो, जरा पाय घ्यायला सांगता का?"

"नाही," मामा म्हणाले. उठले, त्याला आपली जागा दिली, आणि दांडीला धरून उभे राहत डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाले, "ते पाय मद्रासहून तंजावरला चालत गेलेत. माझी बहीण आहे ती."